दोन छत्र्या

लोकमान्य नगरातल्या एका जुन्या दुमजली घराच्या गच्चीवर सध्या दोन छत्र्या उभ्या आहेत. टीव्हीच्या डिशला इंदुरात डिश कुणी म्हणत नाही, छतरीच म्हणतात, आणि घरात मराठी बोलणाऱ्यांनी तिची छत्री करून टाकली आहे. ज्या गावात छत्री म्हटलं की आधी कृष्णपुऱ्याच्या होळकरांच्या दगडी छत्र्या डोळ्यांपुढे यायच्या, तिथे आता दोन फुटी पत्रा येतो. या दोन्ही छत्र्या एकाच बिऱ्हाडाच्या आहेत आणि त्या बिऱ्हाडात टीव्ही एकच आहे. जुनी जवळजवळ दक्षिणेकडे तोंड करून, मान जरा जास्त वर. नवी तिच्यापासून हातभर अंतरावर, आग्नेयेला वळलेली. जुनीची वायर सोडवलेली, पण कापलेली नाही. तिची तीन वेटोळी करून दांड्याला सुतळीने बांधली आहेत, टोकाला काळी चिकटपट्टी घट्ट गुंडाळली आहे आणि ते टोक मुद्दाम खालच्या बाजूला ठेवलं आहे. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्याला यात काही दिसणार नाही. पण छत्र्यांमधलं ज्याला थोडंफार कळतं त्याची नजर तिथे अडकते, आणि माझी गेले तीन महिने अडकली आहे.

कारण दुसऱ्या छत्रीची गरजच नव्हती. त्या घराने पैसे भरून बघायचं डीटीएच बंद करून दूरदर्शनचं फ्री डिश घेतलं. जुनी कंपनी ज्या उपग्रहावरून दिसायची तो ८३ अंश पूर्व रेखांशावर. फ्री डिश येतं ते ९३.५ अंशांवरच्या जीसॅट-१५ वरून. दोन्ही विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर, इंदुरातून दोन्ही दक्षिणेच्या पूर्वेला. उत्तरेपासून मोजलं तर पहिला साधारण १६२ अंशांवर, दुसरा १४०वर. उंची पहिल्याची ६२, दुसऱ्याची ५७. म्हणजे तीच छत्री एकवीस-बावीस अंश पूर्वेला फिरवायची आणि पाच अंश खाली वाकवायची, संपलं काम. पत्रा काही कंपनीचा किंवा सरकारचा नसतो, तो येईल ती लहर गोळा करून पुढच्या एलएनबीवर, म्हणजे लहर पकडणाऱ्या छोट्या यंत्रावर, टाकतो. फार तर एलएनबी बदलावा लागतो, त्यावर ९७५०/१०६०० असं छापलेलं पाहिजे इतकंच. गंमत अशी की छत्री ज्या नळीवर बसते ती दीड इंच व्यासाची. तिच्यावर मार्करने आत्ताच्या दिशेची खूण केली आणि मग छत्री फिरवून नवी खूण केली, तर दोन खुणांत जेमतेम सात मिलिमीटरचं अंतर पडतं. महिन्याला चारशे वीस रुपये आणि महिन्याला शून्य रुपये यांच्यामधलं अंतर सात मिलिमीटर. त्यासाठी वेगळी छत्री, वेगळी नळी, चार फास्टनर, भिंतीला चार भोकं, असा चार-पाचशेचा जादा खर्च कुणी करत नाही.

पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसांनी तर नाहीच नाही.

आणि हे दोघं तसेच आहेत. काका पीथमपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पेन्शन भविष्य निर्वाह निधीच्या ईपीएस-९५ योजनेची. ज्यांच्या घरात ही पेन्शन येते त्यांना तिच्याबद्दल सांगायला नको: २०१४ पासून किमान १००० रुपये, महागाई भत्ता नाही, एकदा ठरली ती ठरली. बाकी संसार ठेवींच्या व्याजावर. काकूंना दोन वर्षांपूर्वी काचबिंदू निघाला. थेंबांची बाटली चारशेच्या घरात जाते आणि फोडल्यापासून चार आठवड्यांनी, आत थेंब उरले असले तरी, टाकून द्यायची असते. म्हणून फोडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहितात. शेजारीच भिंतीवरच्या कालनिर्णयात रिचार्ज संपायची तारीख. एक खर्च अठ्ठावीस दिवसांचा, एक तीस दिवसांचा, दोन्ही जवळजवळ सारख्या रकमेचे, आणि दोन्ही तसे डोळ्यांचेच. त्यातला कुठला ठेवायचा यावर चर्चा झाली नसणार. चर्चा झाली ती दुसऱ्याच गोष्टीवर, इंदूरच्या सानंद संस्थेच्या नाटकांचं सभासदत्व ठेवायचं की नाही. ते ठेवलं. वर्षातून चार-सहा वेळा का होईना, इस्त्रीची साडी नेसून बाहेर पडायचं, ओळखीचे चेहरे बघायचे, मध्यंतरात वडा खाताना कोण किती थकलंय याचा अंदाज घ्यायचा. हे सोडलं की माणूस लवकर म्हातारा होतो असं काकूंचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. टीव्हीला इस्त्री लागत नाही. म्हणून टीव्ही गेला.

पण तो एका दिवसात गेला नाही. खर्च कमी करणाऱ्या घरांत करमणूक एका ठरावीक क्रमाने गळते आणि तो क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. आधी एचडी जातं. एचडी वाहिनी महाग तर असतेच, शिवाय २०१९ मध्ये ठरलेल्या शंभर वाहिन्यांच्या मूळ कोट्यात ती दोन साध्या वाहिन्यांची जागा खायची. ती काढली तर बत्तीस इंची टीव्हीवर आठ फुटांवरून फरक फारसा कळतही नाही. मग क्रीडा वाहिन्या, सामने नसलेल्या महिन्यात काढायच्या, असल्या की पुन्हा घ्यायच्या, आणि एकदा काढल्यावर पुन्हा घ्यायच्या राहून जातात. मग सुट्टीत पुण्याहून येणाऱ्या नातवासाठी घेतलेली कार्टूनं. शेवटी उरतात बातम्या, एक हिंदी सिनेमाची वाहिनी आणि मराठी मालिका. इथे येऊन हिशेब अडतो, कारण यापुढे काढण्यासारखं जे असतं ते रोज बघितलं जाणारं असतं. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, नवी पद्धत आली तेव्हा तिच्यावर भांडणं पुष्कळ झाली, तिची एक बाजू मात्र कुणी फारशी बोलून दाखवली नाही. त्याआधी केबलचं बिल म्हणजे एक रक्कम, वीजबिलासारखी. त्यानंतर १३० रुपये वाहिन्या पोचवण्याचं जागाभाडं, त्यावर अठरा टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि त्याच्या वर एकेका वाहिनीचा वेगळा भाव, कुठे ५० पैसे, कुठे १९ रुपये. २०२४ च्या जुलैत त्या जागाभाड्यावरची मर्यादाही काढून टाकली गेली, ते असो. पण भाव वेगळा दिसू लागल्यापासून घराघरांत 'तुझी' वाहिनी आणि 'माझी' वाहिनी असे शब्द आले. नवऱ्याला पहिल्यांदाच कळलं की बायकोची संध्याकाळ एकोणीस रुपयांची आहे. आणि बायकोलाही कळलं की त्याच्या बातम्या एक रुपयात येतात, तरी तो रोज त्यांच्यावर शंभर रुपयांचं रागावतो.

इंदुरात मराठी वाहिनी काढणं आणि पुण्यात काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यात वाहिनी गेली तरी मराठी खिडकीतून आत येत राहते. इथे घराचं दार उघडलं की हिंदी, जिन्यात हिंदी, दूधवाला हिंदी, नात्यातल्या लग्नात निम्मी वरात हिंदी. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं, पण मनोऱ्यावरून निघणारी लहर सरळ रेषेत जाते आणि शे-सव्वाशे किलोमीटरपलीकडे जमीनच आड येते, तेव्हा इंदूरला त्याची फक्त वर्णनं ऐकायला मिळायची, सुट्टीत मामाकडे जाऊन आलेल्या मुलांच्या तोंडून. अल्फा मराठी १९९९ मध्ये आली, ई टीव्ही मराठी २००० मध्ये, आणि मग केबलवाल्याच्या मागे लागण्याचा काळ सुरू झाला. त्याच्या दृष्टीने गल्लीत मराठी घरं किती, त्यावर सगळं अवलंबून. लावली तर ती कुठल्या तरी शेवटच्या क्रमांकावर, मुंग्या आलेल्या चित्रासकट. २०१३ च्या मार्चअखेर इंदुरात केबल डिजिटल झाली आणि प्रत्येक घरात डबा आला, तेव्हा कुठे मराठी वाहिनीचं चित्र हिंदीइतकं स्वच्छ झालं. त्या मालिकांतली मराठी ही इंदूरची मराठी नव्हे. आपल्याकडे एकाच वाक्यात भाजीही येते आणि सब्जीही येते. तिथल्या सासवा वेगळंच बोलतात. काकू वर्षानुवर्षं त्यांची चूक काढत आल्या आहेत, "असं कुणी बोलतं का?" म्हणून. चूक काढण्यासाठी तरी कुणी समोर मराठी बोलणारं लागतं.

मोबाइलवर बघा, असं सगळे सुचवतात. मुलगा सुचवतो, शेजारी सुचवतात, दुकानदार तर सुचवतोच. हिशेबाने ते बरोबर आहे: फोन आहेच, त्यात रोजचा दीड जीबी डेटा आहेच, अर्ध्या तासाचा भाग मध्यम दर्जात बघितला तर त्यातला पाव हिस्सासुद्धा जात नाही. अडचण दुसरीकडे आहे. साडेसहा इंचांच्या पडद्यावर दोन माणसं बसत नाहीत. जवळचा चष्मा लावून दोघांनी एकाच फोनमध्ये बघायचं तर फोन एका हाताच्या अंतरावर धरावा लागतो, डोकी आपटतात, हात दुखतो, शेवटी एक जण म्हणतो, "तू बघ, मी नंतर बघेन." नंतर म्हणजे त्याच्या फोनवर, त्याच्या वेळेला, कानात बोळा घालून. खर्च वाचतो, मालिकाही सुटत नाही, फक्त आठ वाजता दोघांनी मिळून सेव-परमलची एक ताटली संपवायची ती राहून जाते. शिवाय फोनवरचं फुकट फार काळ फुकट राहत नाही. पहिला महिना एक रुपया, मग ऑटोपे. आणि ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणजे पैसे कापणं थांबलं, असं समजणारी घरं थोडीथोडकी नाहीत. ॲप काढलं तरी बँकेला दिलेली परवानगी तशीच असते. ज्या यूपीआय ॲपवरून ती दिली, त्यात ऑटोपे किंवा मँडेट असा कप्पा असतो, तिथे जाऊन ती रद्द करावी लागते. पैसे कापायच्या आदल्या दिवशी बँकेचा मेसेज येतो, पण तो ओटीपी आणि जाहिरातींच्या गर्दीत येतो आणि इंग्रजीत येतो. या घरातही एक असंच वर्षभर कापलं जात होतं. ते सापडलं त्या दिवशी काका कुणावर रागावले नाहीत, फक्त त्या संध्याकाळी चहाला नाही म्हणाले.

तेव्हा फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही सेवा आजही महिन्याला काही मागत नाही. डबा, पत्रा, एलएनबी, वायर, मजुरी सगळं मिळून दीड-दोन हजार एकदाच, म्हणजे या घराच्या हिशेबाने पाच महिन्यांत वसूल. टीव्ही अलीकडचा असेल तर त्याच्या पाठीमागे 'एलएनबी इन' किंवा 'सॅटेलाइट' लिहिलेलं छिद्र आहे का ते आधी बघावं, असलं तर डबाही लागत नाही. डबा घ्यायचाच तर एमपेग-४ चा घ्यावा. जुना एमपेग-२ चा डबा दोनशे रुपये स्वस्त मिळतो आणि कितीतरी वाहिन्या दाखवतच नाही. फ्री डिशवर सह्याद्री आहे, हे या घरापुरतं महत्त्वाचं. खासगी मराठी वाहिन्यांचं मात्र सांगता येत नाही. फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव होतो, वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, आणि ज्या वाहिनीला ती जागा परवडत नाही ती ३१ मार्चला रात्री दिसते, सकाळी नसते. दर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कितीतरी लोक छत्री बिघडली म्हणून मेकॅनिक बोलावतात आणि तो रिमोटवरून ऑटो स्कॅन करून दोनशे रुपये घेऊन जातो. बिघडलेलं काही नसतं.

नवी छत्री बसवायला गल्लीतलाच एक मुलगा आला होता, सणावाराला कुलर-गिझर दुरुस्त करणारा. त्याने जागा मात्र नीट निवडली. छत्रीच्या पत्र्याकडे बघून वाटतं ती समोरच्या गॅलरीकडे बघते आहे; वास्तविक तिची नजर सत्तावन्न अंश वर असते, कारण या छत्रीचा पत्रा तिरका घडवलेला असतो आणि ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघते. हे न कळल्यामुळे लोक समोरच्या भिंतीला घाबरतात आणि वर आलेल्या कडुलिंबाच्या फांदीकडे दुर्लक्ष करतात. जागा तपासायची एक सोपी खूण आहे: मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वाअकराला, किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत अकराला, सूर्य इंदुराहून पाहिलं तर नेमका या उपग्रहाच्या मागे असतो. त्या वेळी जिथे ऊन पडतं तिथे छत्री बसते, जिथे सावली असते तिथे बसत नाही. त्याच दिवसांत पाच-दहा मिनिटं चित्र जातं, त्याचंही कारण हेच. मग नळी. नळी ओळंब्यात पाहिजे, डोळ्याने नव्हे. ती वाकडी असली तर छत्री पूर्वेला फिरवताना तिची उंचीही आपोआप बदलते आणि मग दोन्ही बोल्ट हातात धरून माणूस अर्धा दिवस आकाश शोधत बसतो. या छत्रीची नजर तीनेक अंशांचीच रुंद. दोन अंश चुकलं की संपलं.

शोधायची वेळ आली तेव्हा मुलगा छत्रीपाशी, काका जिन्याच्या वरच्या पायरीवर, काकू खाली टीव्हीसमोर. डब्यात ११०९०, व्हर्टिकल, २९५०० असे आकडे भरलेले, आणि पडद्यावर दोन पट्ट्या, एक स्ट्रेंथची, एक क्वालिटीची. नवखा माणूस स्ट्रेंथ बघतो. ती भिंतीकडे तोंड केलेल्या छत्रीलाही ऐंशी दाखवते, कारण ती फक्त एवढंच सांगते की वायर जोडलेली आहे आणि एलएनबी जिवंत आहे. उपग्रह सापडला की नाही ते क्वालिटी सांगते, आणि ती सापडेपर्यंत शून्य असते. दुसरी चूक म्हणजे घाई. डब्याला कळायला दोन-तीन सेकंद लागतात; छत्री सारखी फिरवत राहिलं तर उपग्रह येतो आणि निघून जातो, डब्याला पत्ताच लागत नाही. थोडं सरकवायचं, थांबायचं, विचारायचं. खालून काकू सांगत होत्या मराठीत, काका वर पोचवत होते हिंदीत. "अहो, पंचवीस. तीस. मागे गेलं हो!" काकांनी मुलाला सांगितलं, "थोड़ा पीछे ले भिया." मागे गेला होता आकडा, त्याने छत्री मागे घेतली. क्वालिटी शून्य. "गेलं!" "अगं, गेलं म्हणजे किती?" "गेलं म्हणजे गेलं!" असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी काकांनी भाषांतर सोडून दिलं आणि नुसते आकडे पोचवले, तेव्हा बासष्टवर गाडी थांबली. मग एलएनबी स्वतःच्या जागी जरासा पिळून एकाहत्तर. हे पिळणं बरेच मेकॅनिक करतच नाहीत, उन्हाळ्यात चालतं म्हणून सोडून देतात.

आणि मग जुलै येतो. पावसाचे थेंब या लहरी खातात, त्यामुळे क्वालिटी पडते; एकाहत्तरवाली छत्री दहा मिनिटांच्या मुसळधार सरीत चौकोन-चौकोन दाखवत तग धरते, पंचेचाळीसवाली पहिल्या सरीलाच हात टेकते. त्याला इलाज नाही. इलाज आहे तो पाऊस थांबल्यावरही चित्र न आल्यास, कारण तेव्हा दोष आकाशात नसतो, कनेक्टरमध्ये असतो. आरजी-६ वायरच्या मधल्या तांब्याच्या तारेभोवती बारीक जाळी असते. कनेक्टर बसवताना त्या जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला लागला तर एलएनबीला जाणारी वीज तिथेच शॉर्ट होते. तेरा व्होल्ट उभ्या लहरींना, अठरा आडव्यांना, एवढ्यावर सगळा खेळ. म्हणून जोडायच्या आधी डब्याचा प्लग काढायचा. आणि वायर एलएनबीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी त्या झोळावरून गळून जातं, कनेक्टरात शिरत नाही. उघडं टोक सगळ्यात वाईट. वायरच्या आतली जाळी दिव्यातल्या वातीसारखी पाणी ओढते, वीतभर, हातभर, कधी जास्त. तांबं हिरवं पडतं. एका पावसाळ्यात वायर कामातून जाते. जी वायर पुन्हा लावायची नाही तिच्याबद्दल एवढी काळजी कुणी घेत नाही. कापतात, आणि लोंबत सोडतात. इंदूरच्या कुठल्याही गच्चीवर अशा दहा वायरी लोंबताना दिसतील.

संध्याकाळी आठ वाजता आता त्या घरात काय चालतं, तर सह्याद्री, नाहीतर एखादा जुना हिंदी सिनेमा ज्यात दर बारा मिनिटांनी तेलाची आणि मलमाची जाहिरात येते. सेव-परमल आहे. बसायच्या जागा त्याच आहेत, दिवाणाचं डावं टोक काकूंचं, वेताची खुर्ची काकांची. सह्याद्रीवरची मराठी काकूंना आवडते, तक्रारीला जागा ठेवत नाही, आणि बहुधा तेच कमी पडतं. कोण कुणाशी लग्न करणार याची वाट बघायची नाही, उद्याच्या भागासाठी काही अडकून राहिलेलं नाही. फोनवर बहिणीशी बोलताना पूर्वी पंधरा मिनिटं मालिकेवर जायची, आता बहीण पुण्याहून कथा सांगते आणि काकू "अच्छा", "मग?" म्हणतात, न बघितलेल्या गावाबद्दल ऐकावं तशा. हे दुःख आहे असं म्हणणं फार होईल. पाच हजार चाळीस रुपये वर्षाचे वाचतात, ते खरेच वाचतात, बाटलीत थेंब वेळेवर येतात. काका हल्ली जेवणानंतर गच्चीवर फेरी मारतात, पूर्वी मारत नसत. त्यात काय मिळालं नि काय गेलं याची बेरीज करायला बसलं की आकडे दोन्ही रकान्यांत सारखेच सरकतात.

छत्री बसली त्या दिवशी मुलाने सामान आवरता आवरता जुन्या छत्रीकडे बोट दाखवलं होतं. तिलाच फिरवलं असतं तर पैसे वाचले असते, हे तो आधीच सांगून चुकला होता आणि काका "रहने दे" म्हणाले होते. आता म्हणाला, "पुरानी वाली खोल दूँ काकाजी? अटाले में सौ-डेढ़ सौ आ जाएँगे." काकांनी उत्तर दिलं नाही, त्यांच्या हातात चिकटपट्टीचं रीळ होतं आणि ते तिचं टोक शोधत होते. उत्तर काकूंनी दिलं, जिन्यातून, धाप लागलेली असताना. "रहने दे बेटा. उस पर कबूतर बैठते हैं."

त्या गच्चीवर कबुतरं पाण्याच्या टाकीवर बसतात.